मी गंगाधरला निवृत्त केलं, त्याची गोष्ट

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांनी आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यायचा महिना. त्या दिवशी नांदेडला बँकेत मी त्याच रांगेत उभा होतो. माझ्यापुढं सात-आठ जण, प्रत्येकाच्या काखेत पिशवी, पिशवीत कागदपत्रं. एकाचा अंगठा मशीनवर उमटेना, म्हणून तो बिचारा अंगठा पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होता. तेवढ्यात सुमनवहिनींचा, म्हणजे माझा बालमित्र गंगाधर याच्या बायकोचा, फोन आला. वहिनी कधी आपणहून फोन करत नाहीत. गंगाधरनं लावून हातात दिला, तरच दोन शब्द बोलतात. "गुरुजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. "कुठं गेले?" मी विचारलं. खरंच विचारलं. सत्तरी गाठलेल्या माणसाला एवढं कळायला पाहिजे, पण गंगाधर हा सकाळी उठून कुठंतरी जाणाराच माणूस होता... मग मला कळलं.

गंगाधरची अंघोळ झाली, चहा झाला, आज आधी कोणती मोटार हाती घ्यायची ते वहिनींना सांगून झालं, आणि चप्पल घालायला म्हणून ओट्यावर बसला तो तसाच भिंतीला टेकला. कुणाला हाक मारायचीही तसदी घेतली नाही. इकडं माझा नंबर आला होता. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, अंगठा द्या." मी दिला. मशीननं मी जिवंत असल्याचं मान्य केलं आणि मी हदगावची बस धरली.

गंगाधर म्हणजे हदगावच्या बसस्टँडजवळचा मोटारी भरणारा मिस्त्री. शेतात विहिरीवरची किंवा बोअरमधली मोटार जळली, की तिच्या आतली जळकी तांब्याची तार उपसून काढायची, नव्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, तयार करायची आणि ती एकेका खाचेत बसवायची. याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. पन्नासेक वर्षं त्यानं हे एकच काम केलं. आम्ही एका गावचे, एका वर्गातले. मॅट्रिकला मी पास झालो आणि तो नापास झाला. मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो आणि तो नांदेडला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या दुकानात. उस्ताद त्याला पहिलं वर्षभर पाना धरू देत नव्हते. नुसतं मोटारीजवळ बसवायचे आणि म्हणायचे, "पहले सुन, फिर खोल." गंगाधर ते जन्मभर पाळत आला. कोणतीही मोटार आली, की चालू होत असेल तर आधी चालू करायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि मगच पान्याला हात घालायचा. मी चेष्टा करायचो, "गंग्या, एवढं तू वर्गात ऐकलं असतंस तर?" तो म्हणायचा, "मास्तर मोटारीवानी बोलला असता तर ऐकलं असतं."

पण आज मला त्याचं कौतुक करायचं आहे, आणि त्याच्या आधी एक कबुली द्यायची आहे. गंगाधरला मी निवृत्त केलं होतं. म्हणजे अक्षरशः मी. मंगल कार्यालय घेऊन, माइक लावून, शाल-श्रीफळ देऊन. आणि तो माझ्या हातून घडलेला मोठा मूर्खपणा होता.

आमच्या भागात नोकरदाराच्या सेवापूर्ती सोहळ्याला लग्नाइतकाच मान असतो. नवरा-बायकोला शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसवायचं, सोयऱ्याधायऱ्यांनी टोपी-दस्ती, म्हणजे टोपी आणि रुमाल, शिवाय साडी-चोळी आणायची, साहेबांनी भाषण करायचं, वरण-भात-बुंदीचं जेवण. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझाही झाला. खरं सांगतो, मला तो फार आवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा नाही, हजेरीपट नाही, खिचडीच्या तांदळाचा हिशेब नाही... मी नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला घर बांधलं होतं, तिथं आलो आणि वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला लागलो. निवृत्ती मला मानवली. आणि जे आपल्याला मानवतं ते सगळ्यांनाच मानवेल, असं मास्तरांना वाटत असतंच. जन्मभर चाळीस पोरांना एकच धडा शिकवण्याची सवय असते.

सहासष्टाव्या वर्षी गंगाधरला हिमायतनगरकडच्या एका शेतात करंट बसला. स्टार्टर बघायला गेला होता. जमीन ओली, पायात काही नाही. शेतमालकानं लाकडानं ढकलून त्याला बाजूला केलं म्हणून वाचला. दोन दिवस दवाखान्यात होता आणि उजवा हात बरेच दिवस बधिर राहिला. त्याचा एकुलता मुलगा संतोष लातूरला एका खासगी शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवतो. म्हणजे शेकडो मुलांना वीजप्रवाह शिकवणारा मुलगा, आणि बाप विजेनं फेकलेला. तो आला तो खाटेजवळ बसून लहान मुलासारखा रडला. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "काका, बास झालं आता. माझं चांगलं चाललंय, त्यांना काही कमी पडू देणार नाही. पण माझं ते ऐकत नाहीत. तुम्हीच समजवा." त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्याला पोटासाठी थांबता येत नाही त्याची गोष्ट वेगळी, पण गंगाधरला तर थांबता येत होतं. मग का थांबू नये? मलाही हेच वाटत होतं.

मी समजावलं. "गंग्या, सगळेच थांबतात. मी न्हाई का थांबलो?"

"तुला सरकारनं थांबवलं. आदेश आला, तू थांबलास. माझा आदेश कोन काढनार?"

"मी काढतो," मी म्हणालो. दोघंही हसलो. पण मी ते खरंच मनावर घेतलं.

पुढच्या महिन्यात हदगावात छोटं मंगल कार्यालय घेतलं. बसस्टँडच्या समोर भला मोठा फ्लेक्स लावला. त्यावर फेटा बांधलेला गंगाधर, खाली ठळक अक्षरांत 'सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा', आणि शुभेच्छुक म्हणून माझं नाव, माझ्या फोटोसकट. आसपासच्या गावांतून शेतकरी आले. कुणाची विहीर त्यानं सुरू केली होती, कुणाचा हरभरा ऐन वेळी वाचवला होता. टोप्या-दस्त्यांचा ढीग झाला. मी भाषण केलं आणि त्यात म्हणालो, "वहिनींनी खंबीरपणे घर सांभाळलं, म्हणूनच गंगाधर दुकान सांभाळू शकला." टाळ्या पडल्या. नव्या साडीत बसलेल्या वहिनी त्या वेळी स्वतःच्या बोटांकडं बघत होत्या. लाजल्या असतील, असं मला वाटलं. मग गंगाधरला माइक दिला. तो उभा राहिला, दोनदा घसा खाकरला. "मला बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "पर कुनाची मोटार अडली तर..." एवढ्यात मी त्याचं कोपर दाबलं. "आता नाही म्हणायचं," हळूच म्हणालो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि माइक परत केला. ते अर्धं वाक्य मी तोडलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

शटरला कुलूप लागलं आणि दोघं लातूरला गेले. मी दर रविवारी फोन करायचो. पहिल्या आठवड्यात त्यानं घरातले सगळे पंखे दुरुस्त केले. दुसऱ्या आठवड्यात इमारतीतल्या बायका मिक्सर घेऊन आल्या. तिसऱ्या आठवड्यात इमारतीत बिघडलेलं काही उरलंच नाही. "काय करून राहिला?" मी विचारायचो. "बसून राहिलो," तो म्हणायचा. आधी ते हसत म्हणायचा, मग नुसतंच म्हणायला लागला. सून चांगली होती, हातात ताट द्यायची. नातू अंगाखांद्यावर खेळायचा. तक्रारीला जागा नव्हती आणि हीच मोठी पंचाईत होती.

पाच महिन्यांनी एका लग्नाच्या निमित्तानं मी लातूरला गेलो. दुपारी त्यांच्याकडं जेवलो. जेवताना माझं लक्ष गंगाधरच्या हाताकडं गेलं. त्याची नखं पांढरी झाली होती. पन्नास वर्षांत मी ती तशी कधी पाहिली नव्हती. व्हार्निशनं आणि तांब्याच्या घाणीनं त्या नखांच्या कडा कायम काळ्या असायच्या, त्यावरून त्यानं सासुरवाडीत बोलणीसुद्धा खाल्ली होती. आता ती एखाद्या कारकुनासारखी स्वच्छ होती. मला ती बघवेनात. जेवण झाल्यावर तो मला खाली घेऊन गेला. मला वाटलं, बागेत बसायला. तो मला जिन्याखाली घेऊन गेला, इमारतीची पाण्याची मोटार होती तिथं. तिथं एक खुर्ची टाकलेली होती. "चार वाजता चालू करतेत," तो म्हणाला. आम्ही चार वाजायची वाट पाहत बसलो.

आणि तिथंच त्याचा फोन वाजला. हदगावजवळचा भगवान नावाचा त्याचा जुना गिऱ्हाईक शेतकरी. गहू पोटऱ्यात, म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या बेतात आलेला, शेतातली लाइन, म्हणजे वीज, फक्त संध्याकाळपर्यंत, आणि मोटार घुमत होती पण पाणी फेकत नव्हती. "मिस्त्री, तुमचा सत्कार झालाय, तरास देऊ नये, पर कुनाला इचारू?" गंगाधर उठून उभाच राहिला. "फोन मोटारीपाशी धर," तो म्हणाला. मग मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायला लागला. मीही कान देत होतो. मला नुसती घरघर ऐकू आली. "बंद कर! आधी बंद कर," तो ओरडला. "मोटार चांगली हाय तुझी. तीन फेजांतला एक येईना झालाय. खांबावरचा फ्यूज बघाया लाव. अन् तोवर बटनाला हात लावू नको, न्हाईतर जळंल." पाऊण तासानं भगवानचा फोन आला. पाणी पाटात पडल्याचा आवाज ऐकवायला त्यानं फोन खाली धरला होता... गंगाधरनं तो आवाज संपेपर्यंत ऐकला. मग मला म्हणाला, "माधव्या, तू मला आनलंस. आता तूच नेऊन सोड."

संध्याकाळी घरात बैठक बसली. संतोष काही केल्या तयार होईना. "परत करंट बसला तर? मी कुणाला तोंड दाखवू?" तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी बोलल्या. त्यांना चारचौघांत एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "संतोष, ह्यांनी शेतात जायाचं न्हाई. वजन उचलायचं न्हाई. चालू लाइनीला बोट लावायचं न्हाई. ते मी बघते. बाकीचं काम आम्ही करू."

"आई, तू काय करणार?"

"कॉइल कोन करत होतं रे आजवर? तुला म्हाईत न्हाई का?"

संतोष खाली बघायला लागला. त्याला माहीत होतं, तो त्यातच वाढला होता. माहीत नव्हतं ते मला. म्हणजे डोळ्यांनी मी हजारदा पाहिलं होतं. मी त्यांच्या घरी गेलो, की गप्पा मारता मारता वहिनींच्या मांडीशी कॉइल गुंडाळायचा लाकडी साचा असायचा, एका हातानं दांडा फिरवायच्या, दुसऱ्या हातानं तार धरायच्या, ओठ हलत असायचे. मला वाटायचं, आपल्याशी बोलायचं नाही म्हणून पुटपुटतात. त्या वेढे मोजत होत्या. डाळ निवडावी तसंच काहीतरी घरकाम, एवढाच हिशेब मी धरला होता. चाळीस वर्षं हदगावच्या निम्म्या शिवारातल्या मोटारी ज्या हातांनी गुंडाळलेल्या तारेवर फिरत होत्या, त्या बाईला मी माइकवरून 'घर सांभाळलं' म्हणून शाबासकी दिली होती! दोघांना शेजारी बसवून मी एकाच माणसाला निवृत्त केलं होतं. दुसऱ्या माणसाचा धंदा त्याच दिवशी बंद झाला, हे माझ्या गावीही नव्हतं. पुढं कधीतरी वहिनी मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं भाषन चांगलं झालं. पर घर सांभाळायला आमच्याकडं हुतंच किती? दोन खोल्या." आणि हसल्या. मी मात्र हसू शकलो नाही.

शटर उघडलं, पण गिऱ्हाईक येईना. आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले. रस्त्यानं मोटारी लादलेल्या जीपा जायच्या, माणसं हात करायची, आणि गाडी पुढच्या दुकानापाशी थांबायची. गंगाधरला वाटलं, लोकांचा आता आपल्या हातावर भरवसा राहिला नाही. तो आतून खचला. मी तिथं गेलो तेव्हा एकाला थांबवून विचारलंच. तो कानाला हात लावून म्हणाला, "गुरुजी, शाल-श्रीफळ दिलेल्या मानसाला कामाला लावायचं व्हय? आमीच टोपी घातली त्यास्नी. इज्जतीचा सवाल हाय." भरवसा गेला नव्हता, मान वाढला होता! आणि तो मान गंगाधरच्या उरावर बसला होता. बसस्टँडसमोर माझा फ्लेक्स अजून तसाच होता. रोज हजार माणसं उतरायची आणि वाचायची, की मिस्त्रींची सेवा पूर्ण झाली. त्याच दिवशी चहाच्या टपरीवरचं स्टूल मागून घेतलं, त्यावर चढलो आणि स्वतःच्या हातानं तो फ्लेक्स उतरवला. बसची वाट बघणारी माणसं माझ्याकडं बघत होती. फ्लेक्सवरचा शुभेच्छुक आणि स्टुलावरचा म्हातारा एकच आहे, हे काहींच्या लक्षात आलं आणि ते फिदीफिदी हसले. गंगाधरनं तो फ्लेक्स पावसात मोटारींवर टाकायला ठेवून घेतला. भगवान पहिल्यांदा आला, मग त्यानं चार जणांना सांगितलं, आणि हळूहळू दुकानापुढं पुन्हा मोटारी दिसायला लागल्या.

त्यानंतरची तीन वर्षं मी गंगाधरला ज्या तऱ्हेनं निवृत्त होताना पाहिलं, तशी निवृत्ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. शेतावर जाणं तर वहिनींनी बंद केलंच होतं. मग त्यानं मोटार उचलणं सोडलं, गिऱ्हाईकांनीच उतरवायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हात किंचित थरथरायला लागला, तेव्हा एका सकाळी त्यानं खाचेत तार बसवणंही वहिनींच्या हाती दिलं. त्या आत फरशीवर बसून भरायच्या, तो दारात खुर्ची टाकून बसायचा. मोटार आली की ऐकायचा. भरून झाली की पुन्हा ऐकायचा. शंका आली तर म्हणायचा, "सुमन, तिसरी कॉइल बघ गं." ती तिसरीच असायची. मग हळूहळू असं व्हायला लागलं, की तो "बघ गं" म्हणायच्या आत त्या "बघितली" म्हणायच्या.

रिकाम्या वेळात गिऱ्हाईकांना तो मोटार जळू नये म्हणून काय करायचं ते सांगत बसायचा. पाणी खाली गेलं की बंद कर, स्टार्टरमध्ये चिंधी कोंबू नको, दाब कमी असला तर बटन दाबू नको. मी म्हणालो, "अरे, लोकांच्या मोटारी जळायच्या थांबल्या तर तुझं दुकान कसं चालायचं?"

"माझं कशाला चालाया पायजे? मी निवृत्त हाय ना!" असं म्हणून तो एवढा हसला, की आतून वहिनींनी डोकं वर काढून बघितलं.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो माझ्याकडं नांदेडला आठवडाभर राहिला. डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी त्याला विष्णुपुरीच्या धरणावर नेलं. गोदावरी भरलेली होती, ऊन उतरलं होतं, लोक फोटो काढत होते. मी विचारलं, "गंग्या, खरं सांग. तुझा माझ्यावर राग आहे का? तो सोहळा..." तो म्हणाला, "राग कशाचा? तुला तारीख हुती, तुला वाटलं मलाबी पायजे. तुझ्या साळंत तुझ्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा मास्तर आला. माझ्या जागी कोन येनार हुतं? म्हनून मी एकेक काम खाली ठेवून राहिलो. धरायला खालती कोनी हाय का बघायचं, मग ठेवायचं. हातातलं समदं एकदम टाकलं तर फुटतंय." आणि लगेच, "इथं पानी उपसायच्या मोटारी कुठशीक हायत रे?" असं विचारून तो विषयावरून उठला.

मी यावर खूप विचार केला आहे. आमच्या पेन्शनवाल्यांच्या कट्ट्यावर वादही घातले आहेत. आमच्यातले बहुतेक म्हणतात, की धंदेवाल्यांनीही साठी-पासष्टीला थांबावं, आराम करावा, नव्यांना जागा द्यावी. त्यात चूक नाही. करंट बसून पडलेला गंगाधर मी पाहिला आहे, त्यामुळं 'मरेपर्यंत काम' असल्या मर्दुमकीच्या गप्पा मला आवडत नाहीत. पण नोकरी ही आपण ज्या खुर्चीवर बसतो ती असते, उठलो की दुसऱ्याची. स्वतः उभा केलेला धंदा तसा सोडून उठता येत नाही. त्याच्यात आपली बायको गुंतलेली असते, आपला कान गुंतलेला असतो, भगवानचा गहू गुंतलेला असतो. त्याला कुणी तारीख देऊ नये. त्यानं आपणच ओळखावं, की आता हे काम माझ्या हाताला पेलत नाही, आणि ते योग्य हातात द्यावं. गंगाधर त्या सकाळी गेला, तेव्हा त्याच्याकडं देण्यासारखं जवळपास काही उरलं नव्हतं. मला याचं फार समाधान वाटतं. रडू येतं ते वेगळं.

तेरावा झाला आणि संतोष मला बाजूला घेऊन गेला. बिचाऱ्याचे डोळे सुजलेले होते. "काका, आई म्हणते दुकान उघडते. एकटी बाई, वय सहासष्ट. शेजारचा मोबाइलवाला गाळा भाड्यानं घ्यायला तयार आहे. तुम्हीच समजवा तिला." तेच शब्द, तीच काळजी. "बघतो," म्हणालो. दोन आठवडे टाळलं. मग परवा एका सकाळी हदगावला गेलो. मनाची खरंच दोलायमान स्थिती होती. गंगाधर होता तोवर ऐकायला तो होता, गिऱ्हाईकांशी बोलायला तो होता. आता बसस्टँडजवळच्या त्या दुकानात, सगळ्या पुरुषांच्या त्या धंद्यात, वहिनींकडं मोटार कोण देणार? मान राखून लोक पुन्हा पुढच्या दुकानाला गेले, तर या वयात ते त्यांच्या मनाला किती लागेल? त्यापेक्षा लातूर बरं, असं मला प्रवासभर वाटत होतं.

शटर उघडं होतं. वहिनी फरशीवर बसून एका मोटारीतली जळकी तार ओढून काढत होत्या. दारातली खुर्ची त्यांनी उचलली नव्हती. मला म्हणाल्या, "बसा." मी तिथं बसू शकलो नाही, आतल्या पेटीवर बसलो. संतोषनं पाठवलंय, हे त्यांनी मी सांगायच्या आधीच ओळखलं. "त्याचं खोटं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर गुरुजी, रिकामी बसले तर हे लई आठवतेत. हितं बसले तरी आठवतेत, पर हात चालत असतेत. थकले की मीच जाईन लातूरला. तुम्ही तारीख देऊ नका." मी म्हणालो, "वहिनी, पण लोक येतात का?" त्यांनी मोटारीवरून नजर काढली नाही. "ही भगवानची," म्हणाल्या. "दुसरी आजून आली न्हाई."

आम्ही चहा मागवला. अकराच्या सुमारास दारात एक टमटम थांबली. मागं पोत्यावर आडवी ठेवलेली मोटार. हिमायतनगरकडचा शेतकरी होता, मी त्याला ओळखत नव्हतो. "मिस्त्री हायत का?" त्यानं विचारलं. वहिनींनी सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. त्यानं डोक्यावरचं उपरणं काढलं. मग टमटमकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. पुढच्या दुकानाची पाटी तिथून दिसते. "मंग आता भरतंय कोन?"

"मीच भरते. गेल्या साली तुमची भरली ती बी मीच भरली. हे दारात हुते."

त्याचा विश्वास बसेना. दुकानात मी एकटा पुरुष होतो, म्हणून त्यानं माझ्याकडं पाहिलं. होय म्हणा की नाही म्हणा, माझ्या एका शब्दावर ती मोटार उतरणार किंवा जाणार होती. पण मागं एकदा मी या दुकानाच्या वतीनं बोललो होतो, ते पुरे झालं होतं. "दादा, मी मास्तर आहे," मी म्हणालो. "मला यातलं काही कळत नाही. त्यांनाच विचारा."

तो काही विचारणार, त्याआधी वहिनी उठल्या. पदर खोचला, टमटमजवळ गेल्या, तार ओढून भिंतीवरच्या बटणाला जोडली आणि क्षणभरच मोटार चालू केली. मान तिरकी केली. मग बंद केली. "तार जळली न्हाई तुमची," त्या म्हणाल्या. "बेअरिंग गेलंय. भरायची गरज न्हाई. सांजच्याला घेऊन जावा."

शेतकरी त्यांच्याकडं बघत राहिला. पुढच्या दुकानात त्याला हे कुणी सांगितलं असतं का, याचा तो बहुधा विचार करत होता. मग त्यानं टमटमवाल्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून मोटार उचलून आत आणून ठेवली. पायरी उतरताना तो वळला आणि म्हणाला, "पाच वाजता येतो मंग, मिस्त्री."

मी सवयीनं दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. "या," असं आतून वहिनी म्हणाल्या.